खुर्चीवरचं नाव

फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसानं काम संपवलं, फडक्याला हात पुसले आणि "साहेब, घोटभर पाणी मिळेल का?" असं विचारून तो खिडकीजवळच्या खुर्चीत टेकला. समोर पलंगावर, पाठीशी उशी लावून आई बसली होती. तिनं त्याच्याकडे नीट, डोळे बारीक करून पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बब्या."

स्वयंपाकघरात ग्लास विसळत असलेल्या मुलाला वाटलं, आपल्यालाच हाक मारली. बब्या हे त्याचं घरातलं नाव. बाहेरच्या जगात त्याला त्या नावानं कुणी ओळखत नव्हतं, तिथे तो 'अभ्यासवाले सर' होता. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या, शाळाशाळांतून 'अभ्यास कसा करावा' यावर भाषणं देत हिंडणाऱ्या माणसाला बब्या म्हणणार तरी कोण. "आलो गं," असं म्हणत तो ग्लास घेऊन बाहेर आला. आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती खुर्चीतल्या माणसाकडे बघत होती आणि बरोबर उत्तर दिलेल्या मुलीसारखी शाबासकीची वाट पाहत होती. फ्रिजवाला हसला. भला माणूस होता. "आजींनी मला लाडाचं नाव ठेवलं बघा," तो म्हणाला. "आमच्याकडे मला सगळे हत्तीच म्हणतात, त्यापेक्षा हे बरं." मुलगाही हसला. ग्लास त्याच्या हातात दिला, पैसे दिले, दारापर्यंत पोचवायला गेला, गॅस पुन्हा कधी भरावा लागेल ते विचारलं आणि उत्तर न ऐकता मान डोलावली. दार लावल्यावर मात्र तो तिथंच उभा राहिला. पायपुसण्याचा एक कोपरा दुमडला होता, तो पायानं सरळ करत राहिला. आत जायला पाय निघेना.

गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा उजवा हात गेला आणि शब्द गेले. हात थोडाफार परत आला. शब्दांचं मात्र डॉक्टर काही खात्रीनं सांगेनात. "आत किती आहे आणि बाहेर किती येत नाही, हे आपल्याला बाहेरून कळत नाही," असं ते म्हणाले होते. मुलाला त्या वाक्याचा आधीपासूनच राग होता, कारण आत किती आहे हे बाहेरून कसं ओळखायचं, याच्यावरच तर त्याचं पोट होतं. हजारो पोरांना त्यानं हेच सांगितलं होतं. पुस्तक उघडं ठेवून वाचत बसलात की सगळं आल्यासारखं वाटतं. रंगीत पेनानं ओळी रंगवल्या की आणखीच वाटतं. ते येणं खरं नाही. ती नुसती तोंडओळख. रस्त्यात रोज दिसणाऱ्या माणसाला आपण मान हलवतो, पण त्याचं नाव विचारलं की त-त-प-प होतं, तसं. पुस्तक मिटा. कोरा कागद घ्या. जे उमटेल ते तुमचं, बाकीचं पुस्तकाचं. इथं तो थांबायचा, फळ्याकडे पाठ करायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "ओळखणं म्हणजे येणं नव्हे, मुलांनो." शिक्षिकासुद्धा ते वाक्य लिहून घ्यायच्या. वाक्य चांगलंच होतं. पण स्वतःच्या आईपुढे बसून ते म्हणून बघावं लागेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

झटक्यानंतर घरी आणल्यावर त्यानं कंबर कसली. भाषणं निम्म्यावर आणली, सकाळसाठी एक बाई ठेवली आणि दुपार स्वतःकडे घेतली. कार्डं केली. जाड पुठ्ठ्याची, एका बाजूला चित्र. चमचा, खिडकी, चप्पल, चष्मा, पाणी. कार्डांसाठी बुटांचा खोका घेतला, त्यात कप्पे केले. जे आलं ते मागच्या कप्प्यात, म्हणजे ते जरा उशिरानं विचारायचं. जे अडलं ते पुढच्या कप्प्यात, उद्याच परत. विसरायला लागायच्या बेतात असताना आठवायला लावलं की ते पक्कं बसतं, हे त्याचं लाडकं सूत्र. आणि ते लागू पडलं. पहिले काही आठवडे आई चित्राकडे बघून नुसती तोंड हलवायची, ओठांपर्यंत काहीतरी यायचं आणि परत जायचं. तिला घाम फुटायचा, त्यालाही. मग एक दिवस चमचा आला. मग खिडकी. मग पाण्याला 'पाणी' म्हणाली आणि त्यानं खरंच पाणी आणून दिलं, तेव्हा ती ते न पिताच इतका वेळ ग्लासकडे बघत राहिली की त्याला भडभडून आलं. त्या दिवशी त्यानं ताईला फोन केला. ताई त्याच्याहून मोठी, दुसऱ्या गावात राहणारी, भरल्या घरातली. "तुझी कार्डं कामाला आली म्हणायची," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात कौतुक होतं आणि थोडा चिमटाही.

चिमट्याचं कारण होतं. आई आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत होती आणि तिचा सगळा भर पाठांतरावर. वर्गाच्या बाहेरून जाणाऱ्याला पाढ्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. तिचा मुलगा मोठा होऊन पाठांतराच्या विरुद्ध भाषणं देऊ लागला, आणि भाषणात हशा पाहिजे म्हणून आईच वापरू लागला. "आमच्या घरी एक पोपट पाळला होता," तो सांगायचा, "तो म्हणजे मी." पोरं खिदळायची. एकदा आईच्याच जुन्या शाळेत भाषण होतं आणि आई पहिल्या रांगेत बसली होती. त्याला पोपट गाळावासा वाटला, पण तोंडाला सवय लागलेली, तो आलाच. आई इतरांपेक्षा जास्त हसली. घरी येताना म्हणाली, "बरं बोलतोस. पण मागच्या बाकावरचा तो चौकटीच्या शर्टातला झोपला होता. त्याला उठवून एक प्रश्न टाकायचास की." तेवढंच. पुढे तो विषय दोघांनीही काढला नाही.

आणि झटक्यानंतर दवाखान्यात, जेव्हा तिला 'पाणी' म्हणता येत नव्हतं, 'हो' म्हणता येत नव्हतं, तेव्हा वाचा शिकवणाऱ्या तरुण मुलीनं सहज "बे एके" असं सुरू करून दिलं आणि आई धडाधड बेचा पाढा म्हणून मोकळी झाली. अडखळली नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. ती मुलगी समजावून सांगत होती की हे असं होतं, पाठ केलेलं वेगळ्या जागी राहतं, ते बोलण्यात धरायचं नाही. तो मान डोलावत होता. त्याला खरं म्हणजे अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. सगळं जग बुडालं आणि वर तरंगत काय राहिलं, तर पाढे. आईनं त्याच्याकडे पाहिलं होतं तेव्हा. त्या बघण्यात 'बघ, आहे की नाही' असं काही होतं, की काहीच नव्हतं, हे त्याला आजही ठरवता येत नाही.

त्याचं स्वतःचं कार्ड त्यानं फार उशिरा केलं. धीरच होत नव्हता. चमचा आला नाही तर चमच्याला वाईट वाटत नाही. शेवटी ओळखपत्रासाठी काढलेला एक फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. सगळी कार्डं संपली की शेवटी तो. कितीतरी दिवस आई त्या फोटोकडे बघून त्याच्याकडे बघायची आणि गप्प राहायची, किंवा 'चष्मा' म्हणायची. चष्मा होताच फोटोत, उत्तर अगदीच चूक नव्हतं. तो सांगायचा, "बब्या." ती ओठ जुळवायची. आणि मग एका दुपारी, उन्हाची तिरीप तिच्या मांडीवर पडली होती आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी काहीतरी कुटत होतं, तेव्हा ती म्हणाली, "बब्या." तो उठला, गॅलरीत गेला, तिथं वाळत घातलेले कपडे उगाच काढू लागला. ओले होते, परत घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मग त्यानं फोटो दाखवणंही सोडलं. गठ्ठा संपला की छातीवर बोट ठेवून विचारायचा, "आणि हा कोण?" आणि ती म्हणायची, "बब्या." रोजची दुपार अशी संपायची. तोंड गोड करून उठावं, तसा तो उठायचा.

दाराशी उभं राहून, दुमडलेलं पायपुसणं सरळ झाल्यावरही त्याच्यावर पाय घासत, त्याला आता ते सगळं एकदम दिसलं. म्हणजे दिसायला नको होतं, पण धंदाच असा की दिसल्याशिवाय राहीना. एखाद्या पोराची वही बघावी आणि चूक कुठं झाली ते पहिल्याच पानावर कळावं, तसं. रोज एकच वेळ. रोज तीच खिडकी, तीच खुर्ची, तोच क्रम, आणि नेहमी शेवटी तेच उत्तर. पोरांना तो काय सांगत आला होता? प्रश्न पिसा, पत्ते पिसतात तसे, नाहीतर तुम्ही उत्तर नाही, उत्तराचा नंबर पाठ कराल. जागा बदला, एकाच टेबलावर अभ्यास करू नका, नाहीतर धडा टेबलाला चिकटतो आणि परीक्षेच्या हॉलमध्ये टेबल नसतं. इतकी वर्षं घसा कोरडा करून हे सांगितलं आणि घरी काय केलं, तर स्वतःचं कार्ड कधी पिसलं नाही. पिसवलंच नाही. मध्येच आपला फोटो आला आणि ती गप्प राहिली, तर पुढची कार्डं विचारायला बळ कुठून आणायचं, या भीतीनं त्यानं स्वतःला शेवटी ठेवलं. आणि ती शिकली. मन लावून, घाम गाळून शिकली. दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसतो, तो बब्या.

तो आत आला. आई खिडकीबाहेर बघत होती. त्यानं खुर्चीकडे जायचं टाळलं. तिच्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे उभा राहिला, म्हणजे तिला मान वळवूनच बघावं लागलं. छातीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, "आई, हा कोण?" विचारताना त्याला आपला आवाज परीक्षेला बसलेल्याचा वाटला, परीक्षा घेणाऱ्याचा नव्हे. तिनं त्याच्याकडे पाहिलं. चेहरा तोच, शांत, थोडा कंटाळलेला. मग हळूच मान वळवून तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, तिथं कुणी आहे का याचा अंदाज घेतला, आणि खुर्चीला म्हणाली, "बब्या." "शाबास," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार. उत्तर तिनं शिकवल्याप्रमाणे दिलं होतं.

ताई रविवारी येणार होती. झटका आला तेव्हापासूनच तिचं म्हणणं होतं की आईला तिच्याकडे न्यावं. तिच्याकडे माणसं आहेत, अंगण आहे, नातवंडांचा दंगा आहे, कुत्रं आहे. इथं काय, एक तू आणि चार भिंती. तो हटून बसला होता. इथं तिची शिस्त बसली आहे, तो म्हणाला होता, शब्द यायला लागलेत, आता हलवलं तर सगळं पाण्यात. फोनवर बरीच खडाजंगी झाली होती. आणि मग बब्याची गोष्ट त्यानं सांगितली, तेव्हा ताईला फोनवरच रडू आलं. मग नाक ओढून म्हणाली, "तुझं नाव घेते ना? माझं नाही घेत. मग राहू दे तुझ्याकडेच." ताईनं एका शब्दावर हार मानली होती. आता तो शब्द कुणाचा होता हे फक्त त्याला माहीत होतं. आणि सांगायची काही गरज नव्हती, हेही त्याला कळत होतं. रविवारी दुपारी ताई समोर असताना तो नेहमीसारखा खुर्चीत बसेल, गठ्ठा काढेल, शेवटी छातीवर बोट ठेवेल. पेपर फुटलेला होता. पूर्ण मार्क ठरलेले होते. ताईचे डोळे भरून येतील, ती संध्याकाळी परत जाईल, आणि आई इथं राहील.

मधले दिवस त्यानं कार्डं काढली नाहीत. सकाळच्या बाई म्हणाल्या, "आजी आज खोक्याकडे बघत होत्या हो सर. सुट्टी दिलीत का?" तो म्हणाला, हो, सुट्टी. दुपारी तो आईजवळ नुसता बसू लागला, कधी पलंगाच्या कडेला, कधी जमिनीवर भिंतीला टेकून. असं काही न विचारता बसणं त्याला जमत नव्हतं. जीभ सारखी प्रश्नाकडे वळायची. हे काय? हा कोण? त्याच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक महिन्यांत आपण आईशी बोललोच नाही, फक्त विचारत आलो. आणि तिच्याकडे बघता बघता त्याला लहानपणी ती पाढे विचारत असलेली आठवली. तिची मात्र विचारायला एक जागा नव्हती. बसच्या रांगेत, दुकानात वाण्यासमोर, न्हाव्यानं मान खाली दाबून धरलेली असताना दारातून, तापानं फणफणलेला असताना कपाळावरची घडी बदलत. "सात आठे?" एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस कोंबलेला असताना तिनं विचारलं होतं आणि त्यानं बोटांनी उत्तर दिलं होतं. डॉक्टर हसून हसून बेजार. तिला त्यात काही शास्त्र वगैरे सापडलं होतं असं नाही, नोकरी आणि घर करताना तिला एका जागी बसायला वेळच नव्हता, म्हणून जिथं पोरगं हाताशी सापडेल तिथं ती प्रश्न टाकायची. त्याचा त्याला तेव्हा संताप यायचा. पण त्यामुळेच असेल, सात आठे आजही त्याला कुठंही, कसंही विचारा, येतं. ते कुठल्याच खुर्चीला चिकटलेलं नाही. भाषणातला पोपट त्याला आठवला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. हसावं की लाजावं, हे कळेना. मग त्याला वाटलं, ती माझ्या जागी असती तर तिनं मला असं एका खिडकीशी बसवून ठेवलं नसतं. घरभर फिरवलं असतं, गावभर फिरवलं असतं, लोकांसमोर लाज काढली असती. इथं माझ्या दोन खोल्यांत मी तिला कुठं फिरवणार? चार माणसं कुठून आणणार? फ्रिज काही रोज बिघडत नाही.

रविवारी ताई आली ती दारातूनच बोलत. "किती जिने रे तुझ्याकडे, लिफ्ट काय शोभेला ठेवलीय?" तिनं आईच्या गालावरून हात फिरवला, केस विंचरले, सकाळच्या बाईंनी घातलेल्या वेणीला नाव ठेवलं, सोडून पुन्हा घातली. दुपार झाली. तिनं पर्समधून रुमाल आधीच काढून ठेवला होता. "घे, काढ तुझी कार्डं. मला ऐकायचंय."

त्यानं खोका घेतला आणि उभाच राहिला. आई खुर्चीकडे बघत होती. त्याला वाटलं, बसावं. एकदाच. नंतर हळूहळू नीट शिकवू, जागा बदलू, क्रम बदलू, सगळं शास्त्रशुद्ध करू, पण आज एकदा बसावं. ताईचा रुमाल, आईचा तयार चेहरा, सगळं कसं मांडून ठेवलं होतं. त्याचे गुडघे वाकायलासुद्धा लागले होते.

"ताई," तो म्हणाला, "तू बस त्या खुर्चीत."

"मी? मला नाही येत तुझं ते."

"काही करायचं नाही. नुसतं बस."

ताई बसली. आईनं तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. कार्डं निघाली नव्हती, पण किती वाट बघायची. ती म्हणाली, "बब्या."

ताई खळखळून हसली. "अगं, मी बब्या? मिशा फुटल्या की काय मला?" मग तिनं भावाकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथंच विरलं. त्यानं सांगितलं. फ्रिजवाल्यापासून रिकाम्या खुर्चीपर्यंत सगळं, उभ्या उभ्या, खोका छातीशी धरून. ताई ऐकत होती आणि रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती.

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आणि फोनवर बोललास नाही काही."

"आज तुला फसवायचंच ठरवलं होतं," तो म्हणाला. "आत्तापर्यंत."

ताईनं रुमाल पर्समध्ये टाकला. आई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती, शिक्षकांच्या खोलीत दोघं शिक्षक भांडायला लागले की तिसऱ्यानं बघावं तसं. मग ताई म्हणाली, "मग काय करायचं म्हणतोस?"

"तू घेऊन जा तिला."

"रागावून बोलतोयस."

"नाही गं. मी माझा धडा सांगतोय. इथं तिला एक खुर्ची आहे आणि एक मी. तुझ्याकडे चमचा दहा जणांच्या हातात दिसेल, दहा जण तो मागतील. पाणी अंगणात असेल, बादलीत असेल, कुत्र्याच्या भांड्यात असेल. तिथं शब्द सुटा होईल. इथं तो चिकटून बसतो." त्याचा आवाज भाषणातल्यासारखा झाला होता, ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो थांबला.

"आणि तुझं नाव?" ताईनं विचारलं. "तिथं तू नसशील, ही खुर्ची नसेल. तेही जाईल की मग."

"ते माझं नव्हतंच," तो म्हणाला. म्हणताना सोपं वाटलं. मग त्यानं खोका आणखी घट्ट धरला. ताई उठली, त्याच्या हातातला खोका काढून घेतला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली, लहानपणी गोट्या हरल्यावर मारायची तशी. "दर रविवारी यायचं," ती दरडावून म्हणाली. "भाषणं गेली खड्ड्यात."

ती रात्रभर राहिली आणि सकाळी निघायचं ठरलं. आईचं सामान फारसं नव्हतं. कपडे, औषधं, काठी, खोका. खोक्यातला त्याचा फोटो त्यानं काढून घेतला नाही, पण मधोमध कुठंतरी घातला आणि ताईला बजावलं, "रोज पिसायचं हं. आणि कुठंही विचारायचं. स्वयंपाक करताना, वेणी घालताना. बसून नाही." "कळलं, सर," ताई म्हणाली. खाली गाडीपर्यंत आणायला लिफ्ट मिळाली. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, रस्ता झाडणारा आपल्या लयीत झाडत होता, शाळेच्या बसची वाट बघणारी दोन पोरं दप्तरावर दप्तर आपटत होती. आईला पुढच्या सीटवर बसवलं. ती नव्या जागेवर बसल्यासारखी ताठ बसली, समोरच्या काचेवरच्या धुळीकडे बघत. निरोपाचं काय बोलावं हे त्याला सुचेना. 'येतो हं' म्हणायचं तर तो कुठं जात नव्हता. त्याच्या मनात शेवटचं एकदा विचारायचं आलं, इथं रस्त्यावर, उघड्यावर, खुर्ची नाही, खिडकी नाही, आणि आपण किती खालच्या थराला आलो आहोत हे जाणवून त्यानं तो प्रश्न गिळला. पट्टा लावायला म्हणून तो तिच्यावरून वाकला. पट्टा जुना होता, खाचेत बसत नव्हता, तो खटपट करत राहिला. ताईनं पलीकडून गाडी सुरू केली.

आईनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. त्याला वाटलं, ती पट्ट्याला हात लावतेय. पण तिनं मनगटाला अंगठा आणि मधलं बोट लावून पाहिलं. दोन्ही बोटं एकमेकांना टेकली आणि एकमेकांवर थोडी चढलीसुद्धा. ती त्याच्या तोंडाकडे बघू लागली, गालांकडे, कॉलरमधून सैल दिसणाऱ्या मानेकडे. तिच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले, थांबले, परत हलले. तो मदतीला धावला नाही, अक्षर सुचवलं नाही.

"वाळलास," ती म्हणाली.

ताईनं गाडी बंद केली. "काय म्हणाली?"

तो तसाच वाकलेला राहिला, पट्टा हातात धरून, पाठीला रग लागली तरी. असं कुठलंही कार्ड त्यानं केलं नव्हतं. करणार कसं, या शब्दाचं चित्रच काढता येत नाही. समोरच्या माणसाशेजारी पूर्वीचा तोच माणूस उभा करून बघता आला, तरच हा शब्द म्हणता येतो. इतके दिवस तो समोर बसून हा कोण, हा कोण म्हणून विचारत होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती, बघत होती, आणि हा वाळत चाललाय हे तिला दिसत होतं. ती अजून मनगट धरून होती. तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणं नव्हतं. ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती, आणि उत्तर नीट आलं नाही तर परत विचारणार होती.

"हो गं," तो म्हणाला. "जेवायचं राहतं कधीकधी. आता जेवीन."

आईनं त्याचं म्हणणं खरं की खोटं, याचा थोडा वेळ विचार केला. मग मनगट सोडलं.